उत्तरेचा रस्ता

शाळा लेबर डे झाल्यावरच उघडाव्यात, असा मिशिगनमध्ये 2005 साली कायदा झाला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे आणि मंगळवारी शाळेचा पहिला दिवस. पर्यटनाचा हंगाम ऑगस्टअखेरपर्यंत चालावा, हा त्यामागचा हेतू; पण आमच्यासारख्या नोकरदार कुटुंबांच्या तो चांगलाच पथ्यावर पडला. आता बरेच शालेय जिल्हे परवानगी काढून ऑगस्टमध्येच वर्ग भरवतात. 2014 साली आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरात राहायला आलो, तेव्हा मुलींच्या शाळेत जुनीच रीत होती. तेव्हापासून 2024 पर्यंत आमचा उन्हाळा संपला तो एकाच रस्त्यावर: आय-75 धरून उत्तरेला, मॅकिनॉ पूल ओलांडून अप्पर पेनिन्सुलात.

ओळखीचे लोक विचारायचे, तेच तेच काय बघता? नायगारा, यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन आम्हीही पाहिलं आणि डोळे भरून पाहिलं. मुलींना आज त्यातलं फारसं आठवत नाही. उत्तरेचा रस्ता मात्र तोंडपाठ आहे. यूएस-2 वर लेक मिशिगन अगदी रस्त्याला येऊन भिडतं ती जागा, तहक्वामेनॉनच्या धबधब्याचं झाडांच्या टॅनिनमुळे तपकिरी झालेलं पाणी, कॉर्निश खाणकामगारांनी इथे आणलेली पॅस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली तळहाताएवढी करंजीच. पुन्हा पुन्हा गेल्याने जागा आपली होते, हे मला तिथे कळलं.

पूल 1957 सालचा, जवळपास 5 मैल लांब. त्याच्या आतल्या मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत. चाक जाळीवर चढलं की टायरचा आवाज बदलतो आणि खाली पाहिलं तर फटींतून पाणी दिसतं. धाकटी सुरुवातीला डोळे गच्च मिटून घ्यायची. पुढे तीच "बाबा, आतल्या लेनने घ्या" म्हणून हट्ट धरू लागली. ज्यांना गाडी चालवायचा धीर होत नाही, त्यांची गाडी पुलाचे कर्मचारी स्वतः चालवून पलीकडे नेऊन देतात. हे मला फार आवडतं. भीतीला कुणी हसत नाही, तिची सोय करतात.

2018 साली सासरे आले होते. आण्णांनी पाटबंधारे खात्यात हयात घालवलेली. धबधबे, जंगलं त्यांनी कौतुकाने पाहिली, पण ते खरे रमले सू सेंट मेरीच्या जहाजांच्या जलपाशात, सू लॉक्समध्ये. लेक सुपिरियर आणि लेक ह्युरॉन यांच्या पातळीत इथे सुमारे 21 फुटांचा फरक आहे. लोहखनिजाने भरलेलं हजार फुटी जहाज कोठ्यात शिरतं, मागचं दार मिटतं आणि पाणी उतरू लागतं. आमच्यासमोर जहाज इतकं सावकाश खाली गेलं की हललेलं कळेना. भिंतीवरचा ओला पट्टा तेवढा वाढत होता. आण्णा कठड्याला धरून उभे.

"सूनबाई, पंप कुठे बसवलेत? विचार ना त्यांना."

तिथल्या माणसाला विचारलं. पंप नाहीतच, वरच्या सरोवराचं पाणी स्वतःच्या वजनाने आत येतं, स्वतःच्या वजनाने बाहेर जातं. आण्णांनी नुसती मान डोलावली. त्या दिवशी पुढचा सगळा बेत आम्ही रद्द केला. बाकावरच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली आणि जहाजांची वाट पाहत बसलो. आण्णा नातींना दाराचा, पाण्याच्या दाबाचा हिशेब कागदावर मांडून दाखवत होते. थोरली त्या कागदावरून डोकं वर काढेना.

गणपतीची गाठ कधी कधी थेट पडायची. 2016 आणि 2019 साली गणेश चतुर्थी नेमकी लेबर डेलाच आली. त्या वर्षी पुलावरून चालायचं सोडून रविवारी रात्रीच परतलो आणि सकाळी मूर्ती बसवली. एरवी सोमवारी सकाळी चालणं ठरलेलं. 1959 पासून लेबर डेला हा पूल लोकांना चालायला मोकळा होतो. राज्याचे गव्हर्नर पुढे असतात. 2020 साली करोनामुळे ते चालणं रद्द झालं. त्या साली आम्ही गाडीनेच पूल ओलांडला आणि यूएस-2 च्या वाळूत दिवसभर बसलो. तेवढ्यानेही घरात कोंडलेला जीव हलका झाला.

2024 च्या ऑगस्टअखेर आम्ही पूल ओलांडून पश्चिमेला वळलो. थोरलीने हॉटनचं मिशिगन टेक निवडलं होतं. खाणकामाचं शिक्षण द्यायला 1885 साली काढलेलं विद्यापीठ. तिला स्थापत्य अभियांत्रिकी करायची आहे. सेनीपुढचा 25 मैलांचा सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना दलदल, मागच्या सीटवर उशा आणि भांडी. घरापासून इतक्या लांब पोरगी टाकून येताना मला वाटलं होतं तेवढं परकं वाटलं नाही, कारण तो मुलूख तिच्या पायाखालचा होता.

परदेशात मुलं वाढवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सगळा देश पाहण्याची घाई करू नका. एक रस्ता धरा आणि मुलं शाळेत आहेत तोवर त्यावर दर वर्षी जा. आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही न्या. मिशिगनमध्ये असाल तर लेबर डेला मॅकिनॉ पुलावर या. चालायला पैसे पडत नाहीत. मात्र पूल सकाळी साडेसहापासून दुपारपर्यंत गाड्यांना बंद असतो, तेव्हा मुक्कामाला आदल्या दिवशीच पोचा.