बदलापुरात भाड्याचं घर : गाडी, नळ आणि कागद

नोकरी मुंबईत लागते आणि घर कर्जतच्या दिशेनं सरकत जातं. डोंबिवली परवडेना म्हणून अंबरनाथ, तेही चढलं म्हणून बदलापूर, आणि आता वांगणी, शेलू, नेरळ. सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवरच्या बदलापुरात बेताच्या पगारालाही वन बीएचके झेपतो, म्हणून इथल्या एजंटांच्या ऑफिसात रविवारी गर्दी असते. पण एजंट सांगतो तो भाड्याचा आकडा अर्धवट असतो. उरलेला हिशेब आपणच मांडायचा असतो.

सुरुवात गाडीपासून. सीएसएमटीला जायला फास्ट लोकललाही दीड तासाच्या आसपास लागतो. कर्जत-खोपोलीकडून येणारी लोकल सकाळी भरूनच येते, बसायला मिळण्याची आशा बदलापूरहून सुटणाऱ्या गाडीत. म्हणून आपल्या वेळेला बदलापूर लोकल आहे का, ते आधी बघावं. जाहिरातीतलं ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ हे बहुतेकदा रिक्षाचं अंतर असतं. एकदा चालून पाहावं आणि रात्री उशिरा शेअर रिक्षा मिळते का, तेही विचारावं. घरात कमावणारे दोघं असतील तर रोजचं रिक्षाभाडं महिनाअखेरीला घरभाड्यात मिळवावं. लांबचं स्वस्त घर मग तितकंसं स्वस्त राहत नाही.

नंतर पाणी, आणि तेही दोन्ही अर्थांनी. पूर्वेला कुळगाव, कात्रप, शिरगाव. पश्चिमेला जुनं बदलापूर गाव, बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा आणि शेजारून वाहणारी उल्हास नदी. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी जुलैत उल्हासचं पाणी वस्तीत शिरलं. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ती जागाही बदलापूर-वांगणीच्या दरम्यानचीच. नदीकडच्या भागात तळमजल्याचं घर बघत असाल तर पाणी कुठवर आलं होतं, हे एजंटला विचारू नका, खालच्या वाण्याला विचारा. विजेचे मीटर किती उंचीवर बसवलेत, ते बघा. पार्किंग कुठे असतं, तेही बघा.

नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. बारवी धरण शहराजवळ असलं तरी ते एमआयडीसीचं आहे. बदलापूरला पाणी देतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, तेही मुख्यतः उल्हास नदीतून. गावाबाहेरच्या नव्या संकुलांत टँकर आणि बोअरवेलवर भिस्त असू शकते. पाणी किती वेळ येतं आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये धरलेत की वेगळे, हे समोरच्या दारातल्या काकूंइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. महावितरणचं जुनं बिल थकलेलं नाही ना, हे ग्राहक क्रमांकावरून तपासता येतं.

आता कागद. फसगत बहुधा इथेच होते. ‘अकरा महिन्यांचं नोटरी करून देतो’ हे वाक्य इथे सर्रास ऐकू येतं. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून अकरा महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट उरलेली नाही. ३१ मार्च २०००पासून लागू असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४नुसार दुप्पट भाडं भरावं लागतं.

खर्चाचा बाऊ करण्यासारखं काही नाही. मुद्रांक शुल्क आहे ०.२५ टक्के. ते मोजताना एकूण भाड्यात अनामत रकमेवरचं वार्षिक दहा टक्के दरानं धरलेलं व्याज मिळवतात. शहरी भागात नोंदणी फी एक हजार रुपये. आधार आणि अंगठ्याच्या आधारे हे काम घरी बसूनही होतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं हे मालकाचं काम, पण ती दिली गेली आहे ना, हे आपण विचारून घ्यावं.

‘हेवी डिपॉझिट’पासून मात्र जपून. काही लाख एकरकमी द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य, हा सौदा ऐकायला गोड वाटतो. फ्लॅटवर कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेते आणि आपले लाख मालकाकडे अडकतात. म्हणून मालकाचा इंडेक्स टू (घराच्या नोंदणीकृत दस्ताचा उतारा) आणि घरपट्टीची पावती बघावी, कर्जाची चौकशी करावी. सगळी रक्कम बँकेतून द्यावी आणि ती करारात लिहून घ्यावी.

शेवटी सोसायटी. ‘बॅचलर चालणार नाहीत’, ‘फक्त फॅमिली’ हे इथेही ऐकावं लागतं. सभासदानं फ्लॅट भाड्यानं देताना सोसायटीला कळवणं आणि कराराची प्रत देणं अपेक्षित आहे, तिच्या परवानगीवर ते अडत नाही. मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते बिनभोगवटा शुल्क २००१च्या शासन आदेशानुसार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि ते द्यायचं मालकानं. भाडेकरूकडून वेगळी ‘ट्रान्सफर फी’ मागितली तर लेखी मागणीपत्र मागावं.

घर आवडलं की घाई होते. ‘टोकन द्या, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे’ असं एजंट म्हणतोच. दुसरी पार्टी घेऊन जात असेल तर खुशाल घेऊन जाऊ द्या. नोंदणीला तयार नसलेल्या मालकाचं घर कितीही स्वस्त असलं, तरी ते घेऊ नये.