बॉनेटखालची टिकटिक

सकाळी गार इंजिनवर वाजते, गरम झालं की गायब होते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तडा गेला असेल, तर वेल्डिंग करायचं की नवीन घ्यायचा?

सकाळी साडेआठला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी स्टार्ट करायची आणि बॉनेटखालून टिक-टिक-टिक. अॅक्सिलरेटर दाबला की टिकटिकही फास्ट. मेन रोडचा सिग्नल येईपर्यंत आवाज गायब! मग एफएम लावायचा आणि विसरून जायचं. ओळखीचं वाटतंय? बॉस, हा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डला गेलेल्या तड्याचा असू शकतो. आणि त्या तड्यातून नुसता आवाज बाहेर येत नाही.

आईचा बिडाचा तवा आठवा

मॅनिफोल्ड म्हणजे पाइपांचा पंजा. इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरमधला जळलेला वायू गोळा करून एका तोंडाने सायलेन्सरकडे पाठवायचा, एवढंच त्याचं काम. पण ड्युटी कडक! पेट्रोल गाडी घाटात दामटली की तिथलं तापमान ७०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गार, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा तापलेला. वर्षानुवर्षं हे फुगणं-आकसणं चालू राहतं आणि एक दिवस धातू थकतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत हा मॅनिफोल्ड बिडाचा असतो. बीड उष्णता मस्त सोसतं, पण ठिसूळ. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं की आई का ओरडते? तोच नियम इथे. हायवेवरून येऊन थेट वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारून घेणं किंवा पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून गाडी रेटणं, हे मॅनिफोल्डच्या तब्येतीला मानवत नाही.

टॅपेट की तडा?

इथेच बहुतेकांची गल्लत होते, कारण दोन्ही आवाज सख्खे भाऊ वाटतात. माझ्या बारा वर्षांच्या हॅचबॅकला ऑफिसजवळच्या गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, ‘ताई, टॅपेट वाजतायत. सेट करून देतो.’ मी विचारलं, ‘दादा, इंजिन पूर्ण गार असताना ऐकलंत का?’ तो हसला आणि म्हणाला, ‘मग रात्रभर ठेवून जा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी स्टार्ट केली, रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवलं. दोन नंबरच्या पाइपाजवळ स्पष्ट फट-फट ऐकू आली. टॉर्च आणि छोटा आरसा धरला, तर तिथे काजळीची काळी रेघ. केस क्लोज्ड. टॅपेटचं बिल वाचलं.

यामागचं लॉजिक सोपं आहे. गार धातू आकसलेला असतो, त्यामुळे फट उघडी राहते. तापला की तो फुगतो, फट मिटते आणि आवाज दबतो. दबतो म्हणजे तडा भरून येत नाही! बरेचदा तडा नसतोच, नुसतं पॅकिंग, म्हणजे मॅनिफोल्ड आणि इंजिनच्या मधलं गॅस्केट, जळलेलं असतं किंवा एखादा स्टड तुटलेला असतो. आवाज सेम, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून ‘मॅनिफोल्ड गेला’ असं ऐकलं की आधी म्हणायचं, ‘कुठे गेलाय ते दाखवा.’ डोळ्यांनी दिसत नसेल तर स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन बंद ठेवून आत धूर सोडतात, तो जिथून बाहेर येईल तिथे लीक.

आवाजाने कोणी मरत नाही, पण...

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे सगळं ओके’ हे गणित चुकीचं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकेदुखी, गरगरणं, मळमळ ही सुरुवातीची लक्षणं. आपण मात्र ती हिंजवडीच्या ट्रॅफिकच्या नावावर खपवतो.

तडा बॉनेटखाली, तर वायू केबिनमध्ये येतो कसा? एसीची बाहेरची हवा आत घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. गाडी पळत असताना वारा धूर उडवून लावतो, पण सिग्नलला थांबलं की तो तिथेच रेंगाळतो. एसी रिसर्क्युलेशनवर टाकला म्हणजे सुटलो असंही नाही. लीक असताना बंद काचांमागे एसी लावून डुलकी काढणं तर अजिबात नको. गाडी चालवताना डोकं जड झालं तर काचा खाली, गाडी बाजूला, इंजिन बंद आणि आपण बाहेर. बरं वाटेना तर थेट डॉक्टर गाठा.

दुसरा फटका खिशाला. धुराच्या दोन झटक्यांमध्ये क्षणभर दाब कमी होतो आणि तड्यातून बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं, पेट्रोल कमी पडतंय. तो तसा रिपोर्ट देतो, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो, मायलेज घसरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि पीयूसीलाही गाडी अडकू शकते. अशा वेळी घाईघाईत सेन्सर बदलून आजार जात नाही.

वेल्डिंग की नवीन?

हे मेकॅनिकच्या मूडवर नाही, धातूवर ठरतं.

बीड वेल्ड होतं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याचं ते काम नाही. त्यात कार्बन भरपूर, त्यामुळे वेल्डच्या शेजारचा भाग झपाट्याने गार झाला की आणखी ठिसूळ होतो. नीट काम म्हणजे तड्याच्या दोन्ही टोकांना छोटी भोकं पाडायची, म्हणजे तो पुढे पळत नाही. तडा घासून खाच करायची, अख्खा मॅनिफोल्ड तापवायचा, निकेलच्या रॉडने थोडं-थोडं वेल्ड करायचं आणि वाळूत किंवा राखेत पुरून सावकाश गार होऊ द्यायचा. शेवटी इंजिनला बसणारी बाजू मशीनवर सपाट करून घ्यायची. ‘तासाभरात लावून देतो’ म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. स्टीलचा मॅनिफोल्ड असेल तर टिग वेल्डिंग चांगलं टिकतं. इपॉक्सी पुट्टीचा जुगाड मात्र या तापमानापुढे काही दिवसही टिकणार नाही.

तडे एकाहून जास्त असतील, तडा थेट फ्लँजपर्यंत गेला असेल किंवा मॅनिफोल्ड वाकला असेल, तर नवीनच घ्या. मी हिशेब मांडला तेव्हा चांगलं वेल्डिंग अधिक मशीनिंग आणि नवा सुटा मॅनिफोल्ड यांत फारसा फरक उरला नाही. मी नवीन घेतला.

खरी गंमत नव्या गाड्यांत आहे. तिथे अनेकदा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महागडे धातू, म्हणजे बिल सहज पाच आकडी. अशा वेळी चांगल्या टिग वेल्डरला आधी दाखवणं शहाणपणाचं. ‘कॅट काढून साधा पाइप टाकू, गाडी पळेल’ ही ऑफर आली तर सरळ नाही म्हणा. धूर वाढतो आणि ते बेकायदाही आहे. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयसारख्या काही इंजिनांत मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, त्यामुळे सुटा बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

जुना पार्ट चालणार असेल तर मुंबईत कुर्ला, पुण्यात नाना पेठ आहेच. पण टॉर्च घेऊन जा, आणि फ्लँजवर स्टीलची पट्टी ठेवून तो सपाट आहे का ते बघा.

तडा गेलाच का?

हा प्रश्न न विचारता पार्ट बदलला, तर नवाही तडकू शकतो. माझ्या गाडीत खालचा सपोर्ट ब्रॅकेट तुटला होता, त्यामुळे सगळा भार मॅनिफोल्डवर लटकत होता. इंजिन माउंटिंग, सायलेन्सरचे रबर, ब्रॅकेट, सगळं तपासून घ्या. प्लग मिस मारत असेल तर तेही. जास्तीचं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन जळतं आणि तिथलं तापमान आणखी चढतं.

गॅरेजला जाताना ही चिठ्ठी खिशात

* गाडी आदल्या रात्रीच सोडा. आवाज गार इंजिनवरच ऐकवायचा.
* गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारायला सांगा. घाईत स्टड हेडमध्येच तुटला, तर तो काढण्याचा खर्च पार्टपेक्षा जास्त होऊ शकतो.
* गॅस्केट आणि नट नवेच. टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या क्रमानेच आवळायचे.
* इस्टिमेटमध्ये पार्ट, मजुरी आणि स्टड काढण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या.
* नेहमीच्या कार इन्शुरन्समध्ये झीज किंवा मेकॅनिकल बिघाड बसत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचे कागद आधी वाचा.
* जुना मॅनिफोल्ड परत मागा. त्याला कॅट जोडलेला असेल तर भंगारातही त्याला चांगला भाव आहे, आणि तो भाव तुमचा आहे!