वहीत न लिहिलेल्या दोन ओळी

2016 साली नोकरीनिमित्त मी हैदराबादेत काचीगुड्याला खोली घेऊन राहत होतो. संध्याकाळ खायला उठायची. सोबत्याने ऑनलाइन पोकर दाखवले. दिवाळीत घरी रमी खेळलेलो. पण इथे पानांपेक्षा गंगाजळी सांभाळणे अवघड. एका स्पर्धेची फी गंगाजळीच्या शंभराव्या हिश्शाहून जास्त नको, असा जाणत्यांचा नियम. कारण शंभरातले दहा-पंधराच काही कमावून उठतात. ओळीने वीस-तीसदा हरणे चांगल्या खेळाडूलाही चुकत नाही. शिवाय फीतून कंपनी आपला वाटा आधीच कापते.

मी 2,000 रुपये बाजूला काढले. वीस रुपयांच्या स्पर्धा, प्रत्येकीची वहीत नोंद. आठ महिन्यांत 2,860 झाले. घातलेले तास मोजले तर चहाचाही खर्च सुटत नव्हता! मग एका रात्री चिडीने पाचशेची स्पर्धा घेतली, हरलो, लगेच दुसरी. त्या दोन ओळी वहीत लिहिल्या नाहीत.

सुट्टीत वही आईच्या हाती लागली. ती चिक्कोडीची, रागावली की कानडीवर येते. पासबुकाशी ताळा करून म्हणाली, "लेक्क सरि इल्ल." बस्, एवढेच.

जून 2017 मध्ये तेलंगणाने वटहुकूम काढून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. (रमीला कौशल्याचा खेळ ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1968 चा निकाल सिकंदराबादच्याच एका क्लबच्या खटल्यातला!) ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने देशभरासाठी बंदीचा कायदा केला.

उरलेले 1,860 रुपये तेव्हाच काढून आईला दिले. राहिलेल्या दोन ओळी तिने माझ्याकडून लिहून घेतल्या आणि पुढच्या पानावर दुधाचा हिशेब सुरू केला.