घर अर्धं, बादली गरम: तळ्यातल्या आंघोळीच्या पाण्याचा हिशोब

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय घरगुती ‘हीटिंग’चा. थंड देशांत हीटिंग म्हणजे खोली गरम करणं. आमच्या रायगडात, तळ्यासारख्या ठिकाणी, त्याचा अर्थ एकच, आंघोळीचं पाणी. आता याचा रखडलेल्या घरांशी काय संबंध? आहे, आणि तो मला आईच्या हाताला बसलेल्या झटक्याने कळला.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या जुन्या घराची कौलं गेली. मग ठरलं, आता पक्कं घर. जोतं झालं, भिंती उठल्या, आणि काम थांबलं. कोकणात बांधकामाचा हंगाम साधारण दिवाळी ते मे. पावसाळा लागला की चार महिने हात बांधलेले. त्यात मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेला, पैसे संपले, की एक वर्ष गेलंच समजा.

शेजारच्या काकांचं घरकुल लिंटलपर्यंत येऊन थांबलंय. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण एकरकमी नाही. टप्पा पूर्ण करा, फोटो काढा, मग पुढचा हप्ता. म्हणजे पुढच्या टप्प्याचं सिमेंट आधी उधारीवर आणायचं. गंमत म्हणजे या योजनेतल्या किमान २५ चौरस मीटरच्या घरात स्वच्छ स्वयंपाकासाठीची जागाही धरलेली आहे. कागदावर धूर नाही. पण घर अर्धं असेल तर चूल कुठे जाणार? ती मागच्या पडवीत पेटत राहते.

आता एक बादली पाण्याचं गणित करू. २० लिटर पाणी, २० अंशांनी गरम करायचं. लागणारी ऊर्जा साधारण ०.४७ युनिट, म्हणजे जवळपास अर्धं युनिट. ही भौतिकशास्त्राची किंमत, ती कुणालाच टळत नाही. फरक पडतो तो वाया किती जातं त्यात.

चूल: साध्या चुलीत लाकडातली दहा टक्के उष्णता पाण्यात गेली तरी बरी. बाकी धूर आणि हवा. एका बादलीला साधारण किलोभर सुकं लाकूड. पाच माणसं, म्हणजे महिन्याला दीडशे किलो. लाकडाचं बिल येत नाही, म्हणून ते फुकट वाटतं. ते काकूच्या डोक्यावरून येतं आणि खोकल्यात जातं.

गॅस: त्याच बादलीला साठेक ग्रॅम एलपीजी. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सव्वादोनशेच्या आसपास बादल्या. म्हणून बऱ्याच घरांत गॅस चहा-भाजीला, आंघोळीला चूल. हा अडाणीपणा नाही, हा हिशोब आहे.

रॉड: १५०० वॅटचा रॉड ही बादली वीसेक मिनिटांत गरम करतो. पण व्होल्टेज २३० ऐवजी १८० आलं तर पॉवर वर्गाच्या प्रमाणात घटते, आणि तेच काम अर्ध्या तासावर जातं. तोवर माणूस बादलीत बोट घालून बघतो.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. काम थांबलं होतं, वायरिंग बाकी होतं, म्हणून जुन्या मीटरवरून एक वायर ओढून टाकली होती. अर्थिंग नव्हतं. आईने पाणी तापलं का ते बघायला हात घातला आणि झटका बसला. सुदैवाने ती ओल्या फरशीवर उभी नव्हती, पायात चप्पल होती. फोनवर ती म्हणाली, ‘अरे काही नाही, मुंग्या आल्या.’ मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये उभा होतो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग मी म्हटलं, सरळ सोलर लावू. पण त्याची टाकी ठेवायला आधी स्लॅब हवा, आणि जून ते सप्टेंबर ढगांखाली तोही थंडच. अर्धं घर तुम्हाला स्वच्छ पर्यायांपासून लांब ठेवतं आणि सर्वांत धोकादायक पर्यायाच्या जवळ आणतं, तो असा.

शेवटी आम्ही क्रम बदलला. आधी दर्शनी खोली, प्लास्टर, रंग असं ठरलं होतं. ते राहू दिलं. आधी न्हाणीचं काम, पक्कं अर्थिंग, १६ अँपिअरचा पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. मग छोटा गिझर. आई म्हणाली, ‘पाहुणे आले तर न्हाणीत बसवायचे का?’ मी म्हटलं, बसव!

चूल मात्र पडवीत आहे. पावसात ओलं सुकवायला आणि लाइट गेल्यावर तीच. वादळानंतर लाइट नव्हती तेव्हा तिनेच आम्हाला गरम पाणी दिलं होतं, हे मी विसरलेलो नाही.

तुमचं गावचं घर रखडलं असेल तर एवढंच करा: पुढच्या सुट्टीत अर्थिंग तपासून घ्या. आणि आजच घरी फोन करून सांगा, बादलीत हात घालण्याआधी स्विच बंद आणि प्लग बाहेर.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!