बिंदुभारांमधील बल

कोरड्या केसांवरून फिरविलेला कंगवा कागदाच्या कपट्यांजवळ नेला असता कपटे उडून त्याला चिकटतात. वरवर पाहता हा पोरखेळ होय. परंतु त्या कपट्यांना सबंध पृथ्वी खाली ओढीत असते आणि कंगव्यावरील अत्यल्प विद्युत्‌भार त्या ओढीवर मात करतो, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

हे बल मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग फ्रेंच अभियंते शार्ल ऑग्युस्तीन द कुलंब यांनी १७८५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी बारीक तारेला एक हलकी आडवी दांडी टांगली. दांडीच्या टोकास एक लहान हलकी गोळी होती व तिच्याजवळ दुसरी गोळी स्थिर बसविलेली होती. दोहोंस सजातीय भार देताच टांगलेली गोळी दूर सरे व तारेस पीळ बसे. हा पीळ म्हणजेच बलाचे माप. गोळ्यांमधील कोन ३६ अंश असता पीळ ३६ अंश होता. कोन १८ अंशांवर आणण्यास एकूण १४४ अंशांचा पीळ द्यावा लागला. अंतर निम्मे होताच बल चौपट झाले.

यावरून नियम असा सिद्ध होतो : दोन बिंदुभारांमधील बल भारांच्या गुणाकाराशी सम प्रमाणात व अंतराच्या वर्गाशी व्यस्त प्रमाणात असते. बलाची दिशा दोहोंस जोडणाऱ्या रेषेत असते. सजातीय भार परस्परांस दूर लोटतात, विजातीय जवळ ओढतात. अंतराच्या मानाने ज्याचा आकार नगण्य असतो, अशा भारित वस्तूस बिंदुभार म्हणतात.

भार कुलंब या एककात व अंतर मीटरमध्ये घेतल्यास भारांच्या गुणाकारास सुमारे ९०० कोटींनी गुणून अंतराच्या वर्गाने भागावे. म्हणजे हवेतील बल न्यूटनमध्ये मिळते. समजा, ‘अ’ हा ३ व ‘ब’ हा २ दशलक्षांश कुलंबाचा धन भार असून त्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर आहे. भारांच्या गुणाकारास ९०० कोटींनी गुणता ०.०५४ येतात, त्यांस ०.०९ ने भागले असता बल ०.६ न्यूटन, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम वजनाइतके, ठरते.

आता ‘ब’पासून तितक्याच अंतरावर, परंतु काटकोनात, ४ दशलक्षांश कुलंबाचा धन भार ‘क’ ठेवला. त्यामुळे ‘अ’चे बल बदलत नाही, ‘क’चे ०.८ न्यूटन बल त्यास येऊन मिळते. येथे विद्यार्थी पुष्कळदा चुकतात. बलांस दिशा असल्याने त्यांची बेरीज १.४ होत नाही. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने ती १ न्यूटन येते. भार कितीही असोत, प्रत्येक जोडीचे बल स्वतंत्रपणे काढून दिशेसह मिळवावे, हीच रीत होय.

हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन व इलेक्ट्रॉन यांमधील विद्युत् आकर्षण त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २ वर ३९ शून्ये इतके पट असते. तरीही आपणांस नित्य जाणवते ते गुरुत्वाकर्षणच. कारण सामान्य पदार्थांत धन व ऋण भार समसमान असून त्यांची बले परस्परांस जवळजवळ पूर्णपणे छेदतात. कंगवा केसांवरून फिरविताच हा तोल किंचित ढळतो, आणि तेवढ्यानेच कागदाचा कपटा पृथ्वीची ओढ झुगारून वर उडतो.