पोर्ट बसवला नागपूरला, सांभाळायचा भामरागडला

लेखमाला : शरीरातल्या वाटा – लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण डायलिसिसचा फिस्टुला पाहिला. तिथे सर्जन हातातली धमनी शिरेला जोडतात आणि रुग्णाची स्वतःची शीरच जाड, भक्कम होते. पण ज्यांना रक्त शुद्ध करून घ्यायचं नाही, फक्त पुन्हा पुन्हा औषध आत सोडायचं आहे, त्यांचं काय? कर्करोगाचे रुग्ण यात सगळ्यांत पुढे.

केमोथेरपीच्या वॉर्डात चौथ्या-पाचव्या फेरीला आलेल्या बाईचा हात सिस्टर चोळतात, त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवतात, मनगटापासून कोपरापर्यंत बोटानं चाचपून पाहतात आणि शेवटी म्हणतात, ‘काकू, नस भेटून नाही राहिली.’ स्तनाच्या कर्करोगात ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या, त्या बाजूच्या हाताला सुई शक्यतो लावत नाहीत. म्हणजे उरला एकच हात. त्या हाताच्या शिरा दर तीन आठवड्यांनी औषध घेऊन घेऊन कडक, काळपट आणि दुखऱ्या झालेल्या असतात.

यामागचं कारण सरळ आहे. हाताच्या शिरेतून रक्त थोडं आणि सावकाश वाहतं. तिथे सोडलेलं तीव्र औषध पुरेसं पातळ होत नाही आणि शिरेचं आतलं अस्तर जाळतं. छातीत, हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडाशी येणाऱ्या ऊर्ध्व महाशिरेतून मात्र मिनिटाला दोन लिटरच्या आसपास रक्त जातं. तेच औषध तिथे पडलं की क्षणात विरतं. डॉक्सोरुबिसिन हे लालभडक औषध स्तनाच्या कर्करोगात नेहमी वापरलं जातं. ते शिरेबाहेर मांसात सांडलं तर फोड येतात, मांस सडतं, कधी कधी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते. अशा औषधासाठी हातावरची अर्धी बुजलेली शीर शोधत बसणं हा धोकाच आहे.

म्हणून पोर्ट. दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या व्यासाची, सेंटिमीटरभर उंचीची, टायटॅनियमची किंवा वैद्यकीय प्लास्टिकची एक डबी. तिचं झाकण म्हणजे सिलिकॉनची जाड चकती. डबीच्या कडेतून एक मऊ, बारीक नळी निघते. कॉलरबोनच्या खाली दोन-तीन बोटांवर कातडीत छोटा खिसा करून डबी बसवतात. नळी कातडीखालूनच वर मानेकडे नेऊन मानेतल्या मोठ्या शिरेत सोडतात आणि तिचं टोक महाशिरेच्या तळाशी, हृदयाच्या दाराशी आणून ठेवतात. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा जागा बधिर करूनच हे होतं आणि तासाभरात आटोपतं. नळीचं टोक नेमकं कुठे आहे ते क्ष-किरणांनी पाहून घेतात. टाके सुकले की बाहेर काहीही दिसत नाही, फक्त कातडीखाली एक उंचवटा हाताला लागतो. सुई लावलेली नसेल तेव्हा आंघोळ करा, शेतात जा, नदीत उतरा, काही अडत नाही.

यातली शेवटची सोय मला फार मोलाची वाटते, कारण ती आधी नव्हती. हृदयापर्यंत नळी नेता येते हे 1929 साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावच्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरानं स्वतःच्याच दंडातून नळी सरकवून दाखवलं. नळी आत असतानाच तो क्ष-किरण खोलीपर्यंत चालत गेला. 1956 साली त्याला या कामासाठी नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. 1953 साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवण्याची रीत बसवली. आजही मोठ्या शिरेत नळी सोडताना हीच रीत वापरतात. 1973 साली ब्रोव्हियाक आणि 1979 साली हिकमन यांच्या नळ्या आल्या. त्या महिनोन् महिने टिकत, पण टोक छातीवर बाहेर लोंबत असे. रोज ड्रेसिंग, पाण्याची भीती, धुळीची भीती. 1982 साली अमेरिकेत जॉन नीडरह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संपूर्ण यंत्रणाच कातडीखाली ठेवण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच 1982 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. तो जुळवायचं काम अजून पुरतं झालेलं नाही, आणि आजचा लेख त्याचसाठी आहे.

पोर्टमध्ये औषध जातं कसं, हे एकदा जवळून पाहायला हवं. सिस्टर आधी हात धुतात, मास्क लावतात आणि रुग्णालाही मान दुसरीकडे वळवायला सांगतात, कारण श्वासातले जंतू सुईवर पडू नयेत. कातडी क्लोरहेक्सिडीनने घासून पूर्ण वाळू देतात. इथे घाई करून चालत नाही. मग डाव्या हाताची तीन बोटं डबीच्या तीन बाजूंना ठेवून ती पक्की धरतात आणि उजव्या हातानं सुई सरळ खाली, डबीच्या तळाला टेकेपर्यंत घालतात. तळ लागला की हाताला कळतं. ही सुई साधी नसते. साध्या सुईचं टोक सिलिकॉनचा बारीक तुकडा कोरून काढतं आणि चकतीला कायमचं भोक पडतं. ह्यूबर सुईचं टोक किंचित वाकवलेलं असतं. ते चकती कापत नाही, बाजूला सारतं, आणि सुई निघाली की चकती मिटते. सिएटलच्या राल्फ ह्यूबर या दंतवैद्यानं चाळीसच्या दशकात ती बनवली, म्हणजे पोर्टच्या कितीतरी आधी. योग्य सुई वापरली तर एका पोर्टला हजार ते दोन हजार वेळा टोचता येतं. साध्या इंजेक्शनची सुई मात्र एकदाही चालत नाही.

सुई बसली की सिरिंज मागे ओढून रक्त येतं का ते पाहतात. रक्त आलं म्हणजे वाट मोकळी. मग दहा मिली सलाईन थांबत थांबत, छोट्या छोट्या धक्क्यांनी सोडतात, म्हणजे नळीच्या भिंतीला चिकटलेलं सगळं धुऊन निघतं. सिरिंज दहा मिलीची किंवा तिच्याहून मोठीच घ्यायची. लहान सिरिंजनं दाब इतका वाढतो की नळी फाटू शकते. औषध संपल्यावर पुन्हा सलाईन, आणि बहुतेक ठिकाणी शेवटी रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा थोडा द्रव. शेवटचा थेंब ढकलत असतानाच क्लिप बंद करायची, नाहीतर रक्त नळीत मागे शिरतं आणि तिथेच गोठतं.

इथपर्यंतचं सगळं नागपूरच्या वॉर्डात रोज होतं. पण केमोच्या फेऱ्या संपल्या, बाई घरी गेली आणि पोर्ट आतच राहिला, की अडचण सुरू होते. डॉक्टर बऱ्याचदा तो लगेच काढत नाहीत, कारण आजार उलटला तर पुन्हा लागेल. मग वापरात नसतानाही तो ठरावीक काळानं धुवावा लागतो. इंग्रजी शब्दच रूढ झालाय, फ्लश. नाही केला तर नळीत गुठळी होते आणि हजारो रुपयांचा पोर्ट निकामी होतो.

आता नकाशा पाहा. भामरागड ते गडचिरोली सुमारे 180 किलोमीटर, गडचिरोली ते नागपूर आणखी सुमारे 170. जाताना आलापल्लीच्या जंगलातून बस. पाच मिनिटांच्या फ्लशसाठी दोन दिवस, एका माणसाची सोबत, दोघांची मजुरी बुडणार. आणि पावसाळ्यात पर्लकोटा चढली, पूल पाण्याखाली गेला की पैसे असूनही निघता येत नाही. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या भामरागडलाच मिळतात आणि दर पावसाळ्यात हे तालुक्याचं गाव कधी ना कधी जगापासून तुटतं. प्राणहिता-गोदावरीच्या काठच्या सिरोंच्यालाही पुराचा फटका बसतो.

पोर्ट बनवणाऱ्या कंपन्या परंपरेनं सांगत आल्या की दर चार आठवड्यांनी फ्लश करा. ज्याचा दवाखाना दोन स्टेशनं पलीकडे आहे त्याला हे ठीक. अलीकडच्या अनेक अभ्यासांत मात्र असं दिसलंय की वापरात नसलेला पोर्ट तीन महिन्यांनी धुतला तरी गुठळ्या किंवा जंतुसंसर्ग वाढत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूर या आपल्या दोन जिल्ह्यांसाठी याचा अर्थ मोठा आहे. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, नद्या भरण्याआधी एक फ्लश झाला तर पुढचा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जुलै आणि ऑगस्ट पूर्ण मोकळे. किती अंतरानं धुवायचं हे अर्थात आपल्या डॉक्टरांनीच ठरवायचं, पण ‘आमच्या गावाची वाट पावसात बंद होते’ हे त्यांना रुग्णानं स्वतःहून सांगावं. शहरातल्या डॉक्टरांना भामरागडचा ऑगस्ट डोळ्यांसमोर येईलच असं नाही.

ताप हा याहून गंभीर विषय आहे. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिलाय. त्यामुळे थंडी वाजून ताप आला की घरच्यांना, आशाताईंना आणि अनेकदा डॉक्टरांनाही पहिल्यांदा हिवतापच आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण पोर्ट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप येण्याचं दुसरंही कारण असू शकतं. नळीत जंतू शिरले असतील तर फ्लश किंवा सलाईन झाल्यावर काही वेळातच ते थेट हृदयाकडे जाणाऱ्या रक्तात पसरतात आणि दात वाजेपर्यंत थंडी भरते. शिवाय केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात. त्या दिवसांत 100.4 फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप म्हणजे तातडीची वेळ.

म्हणून हिवतापाची किट चाचणी करावीच, पण ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणून गोळी देऊन घरी पाठवू नये, आणि ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून पोर्ट विसरू नये. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. रक्ताचं कल्चर पोर्टमधून आणि हातातून असं दोन्हीकडून घ्यावं लागतं. ती सोय जिथे नसेल तिथून रुग्णाला त्याच दिवशी पुढे पाठवावं. पोर्टवरची कातडी लाल, गरम झाली, पू आला, त्या बाजूचा हात किंवा मान सुजली, तरीही तेच.

एक गोष्ट पोर्ट बसवण्याआधीच सांगायची असते आणि नेमकी तीच कोणी विचारत नाही. रुग्ण ओझं कोणत्या खांद्यावर घेतो? माडिया माणूस कावड खांद्यावर घेतो. कावडीचा दांडा नेमका त्या जागी बसतो, जिथून नळी कॉलरबोनवरून मानेकडे जाते. रोज दाब पडला तर नळी दुमडू शकते, कातडी झिजू शकते. मोहफुलं वेचायचे, तेंदूपाने तोडायचे दिवस आले की कोणी घरी बसत नाही आणि बसूही नये. तेव्हा सर्जनना सांगावं, ‘माझी कावड उजव्या खांद्यावर असते.’ मग शक्य असेल तर ते पोर्ट डाव्या बाजूला बसवतील.

आता सिकलसेल. हा आजार दोन्ही जिल्ह्यांत घरोघरी ठाऊक आहे. लहानपणापासून सलाईन, रक्त आणि वेदनेची इंजेक्शनं घेऊन या मुलांच्या शिरा लवकर संपतात, तेव्हा यांनाही पोर्ट का नाही, हे आईवडिलांच्या मनात येतंच. काही जणांना, विशेषतः नियमित रक्त द्यावं लागतं त्यांना, तो बसवतातही. पण सिकलसेलमध्ये रक्त गोठण्याकडे कल असतो आणि प्लीहा काम करत नसल्यानं जंतूंशी लढण्याची ताकद कमी असते. त्यामुळे या रुग्णांत पोर्टच्या गुठळ्या आणि संसर्ग जास्त आढळतात. आधी हायड्रॉक्सियुरियाची गोळी नियमित घेऊन वेदनेचे झटके आणि दवाखान्याच्या फेऱ्या कमी करणं, हा मला जास्त शहाणपणाचा रस्ता वाटतो.

पैशाचं बोलायचं तर राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2012 साली राज्यातल्या ज्या 8 जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. तुमच्या उपचाराच्या पॅकेजात पोर्ट येतो का, ह्यूबर सुया येतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होतानाच विचारा. डिस्चार्जच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

सोयी जवळ येत आहेत, हेही खरं. चंद्रपूरला 2015 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचं 2024 मध्ये सुरू झालं. जिल्हा खनिज निधी आणि टाटा ट्रस्ट यांच्या भागीदारीतून चंद्रपूरला कर्करोग रुग्णालय उभं राहिलंय. भामरागडजवळ हेमलकशाला 1973 साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे. पोर्ट बसवायला सर्जन आणि क्ष-किरण यंत्र लागतं, ते मोठ्या गावात राहू दे. धुवायला मात्र शिकवलेली एक सिस्टर, ह्यूबर सुई, सलाईन आणि स्वच्छ हात एवढंच लागतं. एटापल्ली, अहेरी, भामरागड, सिरोंचा, धानोरा, कोरची, आणि चंद्रपुरात जिवती, अशा ठिकाणच्या सरकारी रुग्णालयांतल्या दोघी-दोघी सिस्टरना हे शिकवणं अवघड नाही. दोघी यासाठी की एक रजेवर असेल तर दुसरी हवी. नागपूर-चंद्रपूरच्या रुग्णालयांनी डिस्चार्जच्या वेळी रुग्णासोबत दोन-तीन ह्यूबर सुया बांधून दिल्या तरी निम्मं काम होतं, कारण तालुक्याच्या औषध दुकानात ही सुई सहसा मिळत नाही.

आणि सोबत एक कार्ड. पोर्ट कोणत्या बाजूला, कोणत्या कंपनीचा, कधी बसवला, शेवटचा फ्लश कधी, पुढचा कधी, सीटी स्कॅनच्या जोरदार इंजेक्शनला चालणारा पॉवर पोर्ट आहे की साधा, आणि काढायचा निर्णय कोणाकडे. हे कार्ड मराठीत असावं, पण मराठीत आहे म्हणून समजलं असं धरू नये. भामरागडला ते माडियात समजवावं लागेल, सिरोंच्याला तेलुगूत, मुलचेऱ्याकडच्या काही घरांत बंगालीत. हे काम आशाताई करू शकतात, फक्त त्यांना पोर्ट म्हणजे काय हे कोणीतरी आधी दाखवायला हवं. प्रशिक्षणात खरा पोर्ट आणि खरी सुई हातात द्यावी, चित्रावर भागवू नये.

(पुढील लेखांक : पोटातून होणारं डायलिसिस)