नाणे उजळू नका, जपा!

दसरा-दिवाळीला देवघरातली तांब्या-पितळेची भांडी निघाली, की त्यांच्यासोबत आजी-पणजीच्या काळातली नाणीही चिंच, लिंबू किंवा राखेने घासली जातात. नाणी लखलखतात खरी. पण त्यांच्यावरचा इतिहास कायमचा पुसला जातो.

तो किती मोलाचा असतो, हे नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या साठ्यावरून कळते. त्यात क्षत्रप राजा नहपानाची 13 हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांपैकी बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नव्या ठशाखाली नहपानाचा चेहरा आणि अक्षरे पुसट दिसतात. सातकर्णीने नहपानाचा पराभव केल्याचा हा ठसठशीत पुरावा. जेमतेम दोन ग्रॅमच्या नाण्यावरची ती पुसट रेघ घासणीच्या दोन-चार हातांतच नाहीशी होऊ शकते.

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. हा काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. तो घासून काढला, की त्याच्यासोबत थोडी चांदीही जाते. तांब्यावरचा तपकिरी किंवा हिरवट, घट्ट आणि गुळगुळीत थर तर आतील धातूचे रक्षणच करतो. आम्लाने तो विरघळतो आणि राखेने नाण्यावर ओरखडे उठतात.

मात्र तांब्याच्या किंवा कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुरभुरीत पूड दिसली, तर सावध व्हावे. धातूत शिरलेले क्लोराइड क्षार दमट हवेत आम्ल तयार करतात, आम्ल नवा धातू खाते आणि हे चक्र चालूच राहते. याला ‘ब्रॉन्झ डिसीज’ म्हणतात. असे नाणे वेगळे काढून कोरड्या डबीत ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

घरच्या नाण्यांसाठी साधी पथ्ये पुरेशी आहेत. नाणे कडेने धरावे. बोटांच्या घामातले मीठ आणि तेल पृष्ठभागावर डाग पाडते. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांतून कालांतराने आम्ल आणि चिकट द्रव सुटतो, म्हणून ती टाळावीत. आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. रबर आणि लोकरीतही गंधक असते, तेव्हा नाण्यांना रबरबँड लावू नये. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती अधूनमधून बदलावी.

शेतात नांगरताना नाणी सापडली, तर ती धुऊ-पुसू नयेत. कोणत्या थरात, कशासोबत मिळाली, यालाही महत्त्व असते. शिवाय 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

जुनी नाणी पाहायची आणि समजून घ्यायची असतील, तर नाशिककरांना दूर जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरी येथे 1980 मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि तिचे नाणे संग्रहालय आहे. या दिवाळीत भांडी जरूर घासा. नाण्यांना मात्र मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटकण्यापलीकडे काही करू नका.